अपुरे वाटणारे चित्र

चित्राविषयी आकाशवाणीवरून बोलावयाचे हा मुळातच एक अवघड प्रसंग आहे. जे डोळ्यांनी पाहावयाचे ते कानांना ऐकवावयाचे! गायकाला ही अडचण नसते, कवीलाही नसते. चित्रावर बोलणारा मात्र रिकाम्या हातांनीच आपल्या दिवाणखान्यात येतो. तरीही मी हे धाडस करीत आहे, याचे कारण असे की, ज्या चित्राविषयी मला आज बोलावयाचे आहे ते समजण्यास लागणारी सामग्री आपणां प्रत्येकाजवळ आधीच आहे. ती कोणती, हे मला स्वतःला फार उशिरा उमगले. आणि ते कसे उमगले, तेच आज सांगणार आहे.

आमचे घर विश्रांतवाडीत, आळंदीच्या रस्त्यापासून जवळच. आमच्या वस्तीचा आणि समुद्राचा काही संबंध नाही. सह्याद्री ओलांडून खाली उतरावे, तेव्हा कोठे तो दिसावयाचा. अशा या घराच्या भिंतीवर माझ्या मुलीने एका समुद्रचित्राची छापील प्रत आणून लावली. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे हे चित्र. ‘ठसा : सूर्योदय’ असा त्याच्या नावाचा अर्थ करता येईल. त्यावर साल घातले आहे १८७२. मूळ चित्र पॅरिस येथील मार्मोतां संग्रहालयात आहे. आणि एवढ्या कीर्तीच्या मानाने ते अगदीच लहान आहे. उंची सुमारे ४८ सेंटिमीटर आणि रुंदी ६३.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्थळ आहे ल हाव्र हे फ्रान्सचे बंदर. मोनेचा जन्म पॅरिसचा, परंतु त्याचे बालपण याच बंदरात गेलेले. पहाट नुकतीच सरली आहे. आकाश आणि पाणी यांचा रंग जवळजवळ एकच आहे : निळसर, करडा, मध्येच किंचित हिरवट. त्या करड्या पसाऱ्यात एक लहानसे शेंदरी बिंब आहे, आणि त्याच्या खाली पाण्यावर त्याच शेंदराचे तुटक तुटक फटकारे आहेत. पाण्यावर तीन होड्या आहेत. सर्वांत जवळची गडद. तिच्यात दोन मनुष्याकृती दिसतात, पण त्यांना नाक-डोळे नाहीत. तिच्या मागची फिकी. तिसरी तर होडी आहे की धुक्याचाच एक दाट तुकडा, असा संशय यावा अशी. मागे डोलकाठ्या, धुराडी, धूर आणि माल उचलण्याच्या याऱ्या. बस्स, एवढेच. कोठेही ठाम रेषा नाही.

माझी मावशी वेंगुर्ल्याची. ती काही दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. पहिल्याच दिवशी तिने त्या चित्राकडे पाहिले आणि सहज विचारले, “हे असे अपुरेच का रे लावले आहे?”

श्रोतेहो, मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. असा प्रश्न विचारला गेला की शिक्षकाच्या अंगात वारे संचारते. मी मावशीला समोर बसवून सर्व इतिहास सांगितला. १८७४ च्या १५ एप्रिल रोजी पॅरिसमध्ये नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या जागेत सुमारे तीस चित्रकारांनी सरकारमान्य प्रदर्शनापासून फटकून स्वतःचे प्रदर्शन भरवले, त्यात हे चित्र होते. सूचीत घालण्यासाठी नाव विचारले गेले, तेव्हा याला बंदराचे दृश्य म्हणता येणार नाही हे ओळखून मोनेने नुसते ‘ठसा’ असे सांगितले. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने तो शब्द उचलला आणि एका विनोदी पत्रात या सर्व मंडळींची टर उडवली. भिंतीला चिकटवण्याचा कागद छापून पुरा होण्याआधीसुद्धा या समुद्रचित्रापेक्षा अधिक पूर्ण असतो, अशा अर्थाचे वाक्य त्याने आपल्या लेखातील एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या तोंडी घातले. थट्टेसाठी वापरलेले ते नावच पुढे संप्रदायाचे नाव झाले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. हे चित्र त्या वर्षी ८०० फ्रँकना विकले गेले आणि चारच वर्षांनी लिलावात त्याला केवळ २१० फ्रँक आले.

मावशीने सर्व शांतपणे ऐकून घेतले. “बरे,” ती म्हणाली, आणि भाजी निवडावयास गेली. मी तिला काहीच दाखवले नव्हते. केवळ माहिती दिली होती. हे तिलाही कळले होते आणि मनातून मलाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तो मावशी चहाचा पेला हातात घेऊन त्या चित्रासमोर बसलेली. मला पाहून ती म्हणाली, “वारा फार नाही हो. पाण्याला लाट नाही, नुसती शिरशिरी आहे. होडीला शीड नाही, वल्ही मारीत चालले आहेत. आणि ही पुढची होडी थांबलेली नाही, जरा वेळाने दिसावयाची नाही.” मी विचारले, “उगवतीचा सूर्य समुद्रावर तू कसा पाहिलास? तुमच्याकडे तर तो समुद्रात बुडतो.” ती हसली. “खाडीच्या तोंडाशी होडीत बसून गावाकडे तोंड केले की असाच डोलकाठ्यांच्या मागून वर येतो. हासुद्धा बंदराकडे तोंड करूनच पाहिलेला आहे. वर येऊन घटका झाली असेल.”

घटका म्हणजे चोवीस मिनिटे. मी तेव्हा तो शब्द सोडून दिला. पुढे वाचनात आले की, अमेरिकेतील डॉनल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने याच चित्राची वेळ गणिताने काढण्याचा प्रयत्न केला होता. मोने कोणत्या हॉटेलच्या खिडकीत बसला होता, तेथून सूर्य कोणत्या दिशेस आणि किती उंचीवर दिसतो, मोठी शिडाची जहाजे बंदरात शिरू शकतील अशी भरती कोणत्या दिवशी त्या वेळेला होती, धुके केव्हा होते, धूर ज्या दिशेने झुकला आहे त्या दिशेचा वारा केव्हा होता, या सर्वांचा मेळ घालून २०१४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : सर्वांत संभवनीय दिवस १३ नोव्हेंबर १८७२, वेळ सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास. म्हणजे मोनेच्या बत्तिसाव्या वाढदिवसाची आदली सकाळ. आणि सूर्य उगवून किती वेळ झाला होता? वीस ते तीस मिनिटे. मावशीची घटका!

या योगायोगाचे मला फार मोल वाटते. ज्या चित्राला अपुरे म्हणून हसले, त्याच्यात तिथी, वेळ, वारा आणि भरती इतकी काटेकोर साठवलेली आहे की दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञाने ती वाचावी आणि वेंगुर्ल्याच्या वृद्ध स्त्रीने चहा घेता घेता वाचावी. मग या चित्रात अपुरे काय आहे? अपुऱ्या आहेत त्या केवळ वस्तू. होडीच्या फळ्या नाहीत, वल्हेकऱ्याचा चेहरा नाही, दोरखंड नाहीत. परंतु त्या सकाळी, त्या धुक्यात, त्या अंतरावरून ते कोणालाच दिसत नव्हते. जे दिसत नव्हते ते मोनेने रंगवले नाही. जे दिसत होते, म्हणजे उजेड, ओल आणि हालचाल, ते त्याने पुरतेपणी रंगवले. त्याने वस्तूंचे चित्र काढले नाही. वस्तू आणि डोळा यांच्या मध्ये जे असते त्याचे चित्र काढले.

आता हालचाल कशी दिसते ते पाहू. रंग तर वाळून गेलेला आहे. तो जागचा हलत नाही. तरी पाणी का हलते? एक कारण फटकाऱ्यांत आहे. आपल्याजवळच्या पाण्यावर ते मोठे, आडवे आणि विरळ आहेत. दूर जावे तसे ते बारीक आणि दाट होत जातात. दोन फटकाऱ्यांमध्ये मोकळी जागा आहे, आणि ती आपला डोळा भरून काढतो. शेंदरी प्रतिबिंबही अखंड पट्टा नाही. तुटलेले आहे, म्हणूनच ते डुलते. दुसरे कारण होड्यांत आहे. गडद, फिकी, अधिक फिकी अशा तीन होड्या तिरप्या रांगेत आहेत. डोळा एकीवरून दुसरीवर आणि तिसरीवर जातो, आणि त्या जाण्यालाच आपण होडीचे जाणे समजतो.

तिसरे कारण सूर्यात आहे, आणि ते सर्वांत नवलाचे आहे. या चित्राची एखादी प्रत मिळवून तिचे कृष्णधवल छायाचित्र काढावे. हल्ली ते घरोघरी भ्रमणध्वनीवरही करता येते. असे केले की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! कारण त्या बिंबाचा रंग जरी शेंदरी असला, तरी त्याचा उजळपणा भोवतालच्या करड्या आकाशाइतकाच आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मार्गारेट लिव्हिंग्स्टन या मज्जाशास्त्रज्ञ विदुषींनी याचा उलगडा असा केला आहे : आपल्या मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल टिपतो, त्याला रंग कळत नाही, केवळ उजळ-अंधार कळतो. त्याला हा सूर्य जवळजवळ दिसतच नाही. रंग ओळखणारा दुसरा भाग मात्र ‘सूर्य आहे’ म्हणून ग्वाही देतो. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. आणि या वादात ते बिंब जागच्या जागी थरथरू लागते. मोनेला हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने फक्त पाहिले, आणि जसे पाहिले तसा रंग लावला.

असे पाहण्यास त्याला शिकवले कोणी? ल हाव्रमध्येच युजेन बुदँ नावाच्या चित्रकाराने तरुण मोनेला उघड्या हवेत, प्रत्यक्ष दृश्यासमोर बसून रंगवण्याची गोडी लावली. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याची कथलाची नळी शोधून काढली होती, त्यामुळे तैलरंग खिशात घालून किनाऱ्यावर जाणे सोपे झाले होते. मोनेने १८७० च्या उन्हाळ्यात त्रुव्हिल येथील पुळणीवर बसून रंगवलेले एक लहान चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात वाळूचे खरेखुरे कण अडकलेले सापडले आहेत. वारा सुटला, वाळू उडाली आणि ओल्या रंगात बसली. समुद्रावरचा वारा रंगवता रंगवता तो वारा स्वतःच चित्रात शिरला!

आपल्या घरांतील डोळ्यांचे वळण निराळे आहे, आणि ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला. त्यातून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरी आपल्या आजी-पणजींच्या देवघरांत पोहोचल्या. चित्रासमोर उभे राहताच ‘हे कोणाचे? कोणत्या प्रसंगाचे?’ असे विचारण्याची सवय आपणांस तेव्हापासूनची. कथेच्या चित्राला तो प्रश्न शोभतो. परंतु ज्या चित्रात उजेड हेच पात्र आहे, त्याला तो विचारला की ते मुके राहते; आणि मग आपण त्याला अपुरे ठरवतो.

मीही ठरवले आहे. अनेक वर्षांपूर्वी शाळेची सहल हरिहरेश्वरला गेली होती. परत आल्यावर मी मुलांना समुद्र रंगवावयास सांगितले. सर्वांनी क्षितिजाची रेषा, शिडाची होडी आणि नारळाचे झाड काढले. एका मुलाने मात्र सबंध कागदावर निळ्या आणि राखी रंगाचे नुसते फटकारे मारले होते. मी पेन्सिल घेतली, त्याच्या ओल्या कागदावर क्षितिज आखून दिले, कडेला एक होडी काढली आणि खाली ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, तेव्हा तसेच दिसत होते.” मी त्याला जागेवर बसावयास सांगितले. त्याने पुढे कधी चित्र काढले की नाही, मला ठाऊक नाही. परंतु आमच्या भिंतीवरचे चित्र पाहताना मला पुष्कळदा वाटते की त्या दिवशी वर्गात लरुआ मीच होतो. आणि लरुआने निदान कोणाच्या कागदावर रेघ तरी ओढली नव्हती.

हे सर्व परदेशातच घडले, असा समज मात्र होऊ नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे आपल्याकडील थोर उदाहरण. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, १८८८ साली व्हाइसरॉयांचे पदक मिळवून हे चित्रकार कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. मुंबईत राहते तर पैसा आणि लौकिक दोन्ही मिळते. पण कोटितीर्थाच्या काठी राहून ते त्याच त्या परिसराची निसर्गचित्रे काढीत राहिले. १९३१ साली ते निवर्तले. त्यांना समुद्र नव्हता, रंकाळा होता. त्या तलावातील दगडी संध्यामठ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की, पाणी चढले की तो अर्धा बुडतो, उतरले की वर येतो, आणि प्रत्येक प्रहरी त्याचा रंग निराळा असतो. आबालालांनी तो संध्यामठ रंगवला. दृश्याची बाह्यरेषा कोरीत न बसता शेजारी शेजारी ठेवलेल्या रंगांच्या स्पर्शांतून हवा आणि उजेड उभा करण्याची त्यांची रीत दृक्प्रत्ययवाद्यांशी नाते सांगणारी आहे, असे जाणकार म्हणतात. ल हाव्रची खिडकी आणि रंकाळ्याचा काठ यांत हजारो मैलांचे अंतर आहे. परंतु पाण्यावरचा उजेड पाहावयाचा म्हणजे रोज तेथे जाऊन बसावयाचे, हा धडा दोन्हीकडे एकच.

आणि आमच्या विश्रांतवाडीत? येथे बंदर नाही, रंकाळाही नाही. परंतु ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या रस्त्याने पुण्याकडे जाते. मावशीच्या त्या भेटीनंतरच्या वर्षी मी गच्चीवर उभा राहून ती पाहत होतो. आभाळ भरून आले होते, उजेड राखी होता, नुकतीच एक सर येऊन गेली होती. खाली रस्ता दिसत नव्हता, माणसेही एकेकटी दिसत नव्हती. पांढरे ठिपके पुढे सरकत होते. त्यांत मधूनच लुगड्यांचे हिरवे-तांबडे तुकडे, डोक्यावरच्या तुळशींचे गडद डाग, आणि वर भगव्या पताकांचे असंख्य तिरपे फटकारे. ओल्या डांबरावर त्या भगव्याचे तुटक प्रतिबिंब डुलत होते. एकाही वारकऱ्याचा चेहरा मला ओळखता आला नाही. तरी ते दृश्य अपुरे आहे असे माझ्या मनात क्षणभरही आले नाही. उलट, खाली उतरून एकेक चेहरा निरखला असता तर तो लोंढा, तो वेग, ते एकत्र चालणे माझ्या हातून निसटले असते. मोनेनेसुद्धा १८७८ साली पॅरिसच्या एका सज्जातून पताकांनी भरलेला, माणसांनी फुललेला रस्ता असाच नुसत्या फटकाऱ्यांनी रंगवला आहे. त्या गच्चीवर मला तो प्रथमच खराखुरा दिसला.

म्हणून प्रारंभी मी म्हणालो की लागणारी सामग्री आपणांजवळ आहे. ती म्हणजे आपण पाहिलेल्या सकाळी. असे चित्र समोर आले म्हणजे आधी त्याचे नाव वाचू नये, चित्रकाराचे चरित्रही आठवू नये. चार पावले मागे सरावे आणि स्वतःला विचारावे : वेळ कोणती आहे? वारा कोणीकडून आहे? हवा कोरडी की दमट? काय थांबले आहे आणि काय चालले आहे? मग हवे तर जवळ जाऊन पाहावे की हे सर्व ज्याच्यामुळे कळले तो रंगाचा एक साधा फटकारा होता. माहिती त्यानंतर मिळवावी. तेव्हा ती गोड लागते. माझी चूक एवढीच झाली की मी मावशीला माहिती आधी दिली. तिचे शहाणपण असे की तिने ती बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वतः पाहिले.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना एक विनंती करून मी आपला निरोप घेतो. मुलाने समुद्र काढला आणि त्यात आपणांस समुद्र दिसला नाही, तर पेन्सिल हाती घेण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे की, तेव्हा कसे दिसत होते? आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्यावे.